वाचकांचे प्रश्न : गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब

गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे आलेली पत्रे चाळताना लक्षात आले की त्यांतली बरीच एकाच विषयावरची आहेत. काही पत्रे गरोदर बाईने स्वतः लिहिलेली आहेत, पण त्याहून अधिक तिच्या आईची किंवा नवऱ्याची आहेत आणि एक आशाताईंचे आहे. लिहिणारे कोणीही असले तरी ‘तिला तसा काहीच त्रास होत नाही’ हे वाक्य त्यांत कुठे ना कुठे आहेच. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून गरोदरपणातल्या रक्तदाबाविषयीच्या सहा पत्रांना उत्तरे देत आहे. लिहिणाऱ्यांची नावे अर्थातच दिलेली नाहीत आणि जागेअभावी पत्रेही थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : माझे वय २६, पहिलीच खेप, ३१ वा आठवडा चालू आहे. मागच्या तपासणीला रक्तदाब १४८/९४ आला. डॉक्टरांनी थांबवून घेतले आणि संध्याकाळी पुन्हा मोजला, तेव्हा १४६/९२ होता. लघवीत अल्ब्युमिन (प्रथिन) नाही. लॅबेटॅलॉल १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा लिहून दिली आहे. घरी मनगटावर बांधायच्या यंत्रावर मात्र आकडा १२६/८० च्या आसपास येतो. डोकेदुखी नाही, सूज नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की दवाखान्यात गेल्यावर तुला टेन्शन येते, आणि बीपीची गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाही, शिवाय बाळाला बाधते ती वेगळीच. गोळी घेऊ की नको? (सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, गोळी घ्या. हे एवढे आधी सांगून टाकते आणि मग कारणांकडे वळते, कारण कारणे वाचेपर्यंत संध्याकाळची गोळी चुकायला नको.

आपल्याकडे ‘हिला बीपी आहे’ असे म्हणायची पद्धत आहे. खरे तर बीपी प्रत्येकालाच असतो, प्रश्न तो किती आहे एवढाच असतो. ज्या बाईचा रक्तदाब आधी ठीक होता तिचा गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून अधिक, निदान चार तासांच्या अंतराने दोनदा आला, तर तो गरोदरपणामुळे वाढलेला रक्तदाब समजतात. दोहोंपैकी एक आकडा वाढलेला असला तरी पुरते. आपले दोन्ही वाढलेले आहेत आणि दोन्ही वेळा वाढलेले आहेत. याच्या जोडीला लघवीतून प्रथिन जाऊ लागले, किंवा ते न जाताही प्लेटलेट एक लाखाच्या खाली उतरल्या, यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या तपासण्या बिघडल्या, डोकेदुखी थांबता थांबेना की त्या अवस्थेला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि झटके आले की एक्लॅम्प्सिया. आपण आज पहिल्या पायरीवर आहात. या पायरीवरच्या काही बायका पुढच्या काही आठवड्यांत दुसऱ्या पायरीवर जातात, आणि कोणती जाईल हे चेहऱ्याकडे पाहून पंचवीस वर्षे हे काम करणाऱ्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. त्यासाठीच पुन्हा पुन्हा मोजायचे असते.

आता घरच्या यंत्राविषयी. परवाच आपल्यासारख्याच एक बाई त्यांचे मनगटाचे यंत्र घेऊन आल्या होत्या. ‘घरी मोजता तसेच इथे मोजून दाखवा,’ असे म्हटल्यावर त्या तपासणीच्या टेबलावर डाव्या कुशीवर आडव्या झाल्या, उजवा हात कमरेवर ठेवला आणि त्या मनगटाला पट्टा बांधला. गरोदर बाईने डाव्या कुशीवर झोपावे असे आम्हीच त्यांना सांगितले होते, त्यामुळे त्यांचेही काही चुकले नव्हते. पण कुशीवर झोपल्यावर वरचा हात हृदयाच्या पातळीच्या बराच वर जातो आणि आकडा खोटा कमी येतो. हात खाली लोंबत असेल तर तोच आकडा खोटा जास्त येतो. त्यांना खुर्चीत बसवून, दंडाला पट्टा बांधून मोजला तेव्हा वरचा आकडा चौदाने जास्त निघाला. तेव्हा यंत्र शक्यतो दंडाला बांधायचे घ्यावे आणि त्याचा पट्टा आपल्या दंडाला पुरेल एवढा असावा, कारण जाड दंडाला आखूड पट्टा बांधला की आकडा जास्त येतो. मोजण्याआधी लघवीला जाऊन यावे, अर्धा तास चहा घेऊ नये, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे आणि हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवून उघड्या दंडावर मोजावे. मोजताना बोलू नये. पुढच्या तपासणीला ते यंत्र बरोबर न्यावे आणि दवाखान्याच्या यंत्राशी ताडून पाहावे. घरी असा नीट मोजलेला आकडा १३५/८५ च्या वर जाऊ लागला तर तोही वाढलेलाच धरतात.

टेन्शनचे म्हणाल, तर दवाखान्यात काही जणींचा आकडा चढतो हे खरे आहे. पण हा आजार मनातून येत नाही, तो वारेतून (बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटातून) येतो. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात वारेतल्या पेशी गर्भाशयाच्या बारीक नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करतात, म्हणजे पुढे वाढत्या बाळाला रक्त कमी पडू नये. काही बायकांत हे काम अर्धवट राहते. रक्ताला मुकलेली वार मग असे पदार्थ आईच्या रक्तात सोडते की त्यांनी तिच्या सगळ्या रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते, त्या आवळल्या जातात, गळू लागतात, आणि त्याची झळ मूत्रपिंड, यकृत, डोळे, मेंदू यांपैकी कशालाही बसू शकते. म्हणजे हातावर दिसणारा आकडा हे वारेतल्या बिघाडाचे बाहेरून दिसणारे टोक आहे. कोणाशी भांडण झाल्याने हे होत नाही आणि ‘शांत राहा’ म्हटल्याने जातही नाही. आजारपणाचा दोष बाईच्या स्वभावावर ढकलण्याची आपली जुनी खोड आहे, म्हणून हे जरा लांबवून सांगितले.

गोळीने वारेतला बिघाड दुरुस्त होत नाही, हेही प्रांजळपणे सांगायला हवे. गोळी रक्तदाब धोक्याच्या पातळीवर, म्हणजे १६०/११० च्या वर जाऊ न देण्यासाठी असते, कारण तिथे मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा ही तीन औषधे गरोदरपणात कित्येक वर्षे वापरली जात आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात रक्तदाब काटेकोर आटोक्यात ठेवलेल्या आणि थोडा सैल सोडलेल्या बायकांची तुलना केली होती; काटेकोर ठेवल्याने बाळांचे नुकसान झाले नाही आणि आईचा रक्तदाब धोक्याच्या पातळीला जाण्याचे प्रमाण मात्र घटले. आपल्याला दमा असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण मग लॅबेटॅलॉलऐवजी दुसरी गोळी निवडावी लागते. गोळी जन्मभर चालत नाही. गरोदरपणात चढलेला रक्तदाब बहुतेक बायकांत बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत उतरतो. तोवर आठवड्यातून एक-दोनदा रक्तदाब आणि लघवी, डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ताच्या तपासण्या आणि बाळाची वाढ पाहणारी सोनोग्राफी हा क्रम ठेवावा लागेल. सगळे ठीक राहिले तरी साधारण ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर बाळंतपण करून घ्यावे असे डॉक्टर सुचवतील, त्याची मनाची तयारी असू द्या.

प्रश्न : मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली आहे. पाय इतके सुजतात की जोडवी काढून ठेवावी लागली. रक्तदाब १२०/७६ आहे. तरी शेजारणीच्या सांगण्यावरून मी तिचे मीठ पूर्ण बंद केले आणि सैंधव सुरू केले आहे. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमधाचा काढा देते. तिला जेवण जात नाही. आणखी काय पथ्य पाळावे? (बार्शी)

उत्तर : आणखी काही पाळू नका, जे चालू आहे त्यातलेच थोडे कमी करा. सातव्या महिन्यानंतर पायांवर, विशेषतः संध्याकाळी, सूज येणे हे बहुसंख्य गरोदर बायकांत होते. वाढलेले गर्भाशय पायांकडून परत येणाऱ्या रक्ताला अडवते आणि शरीरात पाणीही जास्त साठलेले असते. पूर्वी प्रीएक्लॅम्प्सियाच्या व्याख्येत सूज हे एक लक्षण धरत असत. इतक्या निरोगी बायकांना सूज येते की ते आता व्याख्येतून काढून टाकले आहे. उलट पायांवर सूज नसताना रक्तदाब वाढलेल्या बाया आम्ही रोज पाहतो. सकाळी उठल्यावर चेहरा आणि पापण्या सुजलेल्या दिसल्या, बांगड्या एकाएकी घट्ट झाल्या किंवा आठवड्यात वजन भसकन वाढले, तर मात्र त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा.

गरोदरपणात मीठ तोडल्याने हा आजार टळतो असे दिसलेले नाही, आणि अळणी जेवणामुळे पोरगी अर्धपोटी उठते हे तर आपण स्वतःच लिहिले आहे. वरण-भाजीत नेहमीएवढे मीठ घाला. पापड, लोणचे, फरसाण तेवढे आवरते घ्या. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, म्हणजे रसायन तेच राहते, रंग गुलाबी होतो आणि साध्या मिठातले आयोडीन मिळेनासे होते. बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी या काळात आयोडीनची गरज असते. आपल्या पत्रातली मला खरी खटकलेली गोष्ट ज्येष्ठमध ही आहे. ज्येष्ठमधातल्या एका द्रव्यामुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम कमी होते आणि रक्तदाब वाढतो. घसा बसल्यावर एखादा तुकडा चघळणे वेगळे आणि रोज पेलाभर काढा वेगळा. तो आजच बंद करा. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या कॅल्शियमच्या गोळ्या डब्यात पडून असतील तर त्या सुरू करा. त्यांचा या आजाराशी काय संबंध आहे ते पुढच्या एका उत्तरात येईल.

प्रश्न : पत्नीचे वय ३४. लग्नाआधीपासून तिला रक्तदाब आहे आणि रोज टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम चालू आहे. आता सातव्या आठवड्याचे गरोदरपण असल्याचे कळले. पहिली नोंदणी तिसऱ्या महिन्यात करायचा विचार आहे. तोपर्यंत गोळ्या तशाच चालू ठेवाव्यात ना? (ठाणे)

उत्तर : हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ही बाब नव्हती, म्हणून पत्र मिळाले त्याच दिवशी संपादकांनी आपल्याला फोन करून डॉक्टरांकडे पाठवले. इतर वाचकांसाठी इथे देत आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन यांच्या गटातली आणि एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांच्या गटातली औषधे गरोदरपणात चालत नाहीत. विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे ती बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात आणि गर्भजल आटते. पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करून नुसते बसणे हाही उपाय नव्हे, कारण मग रक्तदाब मोकाट सुटतो. एक-दोन दिवसांत डॉक्टरांना भेटून ती बदलून घ्यायची असते. सुरुवातीचे काही आठवडे ही गोळी पोटात गेली म्हणून गर्भ पाडण्याचा विचार करण्याचे कारण नाही, पाचव्या महिन्यातली तपशीलवार सोनोग्राफी मात्र चुकवू नये. खरे तर ही अदलाबदल दिवस राहण्याआधीच व्हायला हवी असते. आपल्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या तिशीतच सुरू होणाऱ्या बाया वाढत आहेत, आणि गोळी लिहून देणारा डॉक्टर व बाळंतपण करणारा डॉक्टर हे दोघे सहसा एकमेकांना भेटत नाहीत. त्यांच्यातला निरोप्या बाईलाच व्हावे लागते.

प्रश्न : पहिल्या खेपेला ३२ व्या आठवड्यात मला घरीच झटके आले. शुद्धीवर आले तेव्हा सिझेरियन होऊन गेले होते. बाळ १ किलो ४०० ग्रॅमचे होते, महिनाभर काचेच्या पेटीत राहिले आणि आता चार वर्षांचे आहे. दुसऱ्या बाळाची इच्छा आहे, पण माझी आई म्हणते की देवाने एकदा वाचवले, पुन्हा परीक्षा पाहू नकोस. (नाशिक)

उत्तर : आपल्या आईने जे डोळ्यांनी पाहिले ते विसरा असे मी त्यांना सांगणार नाही. एक्लॅम्प्सिया या शब्दाचे मूळ ग्रीक असून त्यात वीज चमकण्याचा अर्थ आहे. ज्यांच्या घरात ती पडली त्यांना आभाळ भरले की भीती वाटणारच. पण आपल्याला निर्णय घ्यायचा आहे, म्हणून आकडे सांगते. एकदा प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बायकांपैकी साधारण सहांत एकीला तो पुढच्या खेपेला पुन्हा होतो. आधीचे बाळंतपण ३४ आठवड्यांच्या आत करावे लागले असेल, जसे आपले, तर हे प्रमाण वाढून साधारण तिघींत एकीपर्यंत जाते. म्हणजे दोघींना तो होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांच्यातही पुष्कळदा तो आधीपेक्षा उशिरा आणि सौम्य येतो. धोका आहे, पण मागच्या वेळेसारखा तो बेसावध गाठणार नाही, हा मोठा फरक आहे.

दिवस राहण्याआधी करायच्या गोष्टी अशा : रक्तदाब, साखर, लघवी आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्या. इतक्या लवकर आणि इतका तीव्र आजार झालेला असल्याने अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची (रक्तात गुठळ्या होण्याचा कल वाढवणाऱ्या प्रतिपिंडांची) रक्ततपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. वजन जास्त असेल तर ते आधी उतरवण्याचा फायदा कोणत्याही गोळीहून कमी नाही. मागच्या बाळंतपणाचे कागद, अगदी चुरगळलेली केसपेपरची प्रतसुद्धा, शोधून ठेवा. त्यावरचे आकडे आम्हाला फार उपयोगी पडतात.

दिवस राहिल्यावर दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली म्हणजे कमी मात्रेची ॲस्पिरिन. ती बाराव्या आठवड्यापासून, काही झाले तरी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करायची असते, कारण वारेची जडणघडण त्याच काळात चालू असते; सातव्या महिन्यात सुरू केलेल्या ॲस्पिरिनचा काही उपयोग नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १,७७६ बायकांच्या अभ्यासात धोका जास्त असलेल्यांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली असता ३७ आठवड्यांच्या आत होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. आपल्याकडे ७५ आणि १५० मिलिग्रॅम अशा दोन्ही गोळ्या मिळतात. किती घ्यायची आणि कधी थांबवायची (बहुधा ३६ व्या आठवड्यात) हे डॉक्टर ठरवतील. ‘रक्त पातळ होऊन गर्भपात होईल’ म्हणून नात्यातल्या कोणी ती बंद करायला सांगितली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

दुसरी गोष्ट कॅल्शियम. ज्यांच्या आहारात ते कमी असते अशा बायकांना ते दिल्याने प्रीएक्लॅम्प्सिया कमी होतो, आणि दूध चहापुरतेच परवडणाऱ्या आपल्या अनेक घरांतल्या बायका त्यात मोडतात. सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज देतात. पूर्वी यासाठी रोज दीड ग्रॅम तरी लागते असे मानत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळुरू आणि टांझानिया इथल्या प्रत्येकी ११,००० बायकांच्या अभ्यासांत ५०० मिलिग्रॅमनेही या आजाराबाबत जवळजवळ तेवढेच संरक्षण मिळाल्याचे दिसले. तेव्हा दोन गोळ्या जात नसतील तर निदान एक चुकवू नये. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेतल्यास लोह अंगी लागत नाही, म्हणून दोन्हींत दोन तासांचे अंतर ठेवा. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठातून साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, त्यामुळे भाकरी ही या औषधाची चांगली जोडीदार आहे.

बाळंतपण मात्र या वेळी अशाच ठिकाणी ठरवा जिथे रात्री दोन वाजताही सिझेरियन होऊ शकते आणि कमी दिवसांच्या बाळाची सोय आहे.

प्रश्न : मी आशासेविका आहे. माझ्या पाड्यातली एक पहिलटकरीण, आठवा महिना, रक्तदाब १५६/१०२, लघवीत अल्ब्युमिन. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी उपजिल्हा रुग्णालयात जायला सांगितले, पण घरचे म्हणतात, ‘ती तर चालते-फिरते, पाणी भरते, तिला काय झालंय?’ त्यांना काय सांगू? (पालघर जिल्हा)

उत्तर : ताई, आपण पाठवलेल्या पत्रात तारीख आणि दोन्ही आकडे इतके नीट लिहिले होते की एखाद्या डॉक्टरने हेवा करावा. घरच्यांना आकड्यांनी पटत नसेल तर डोळ्यांना दिसेल असे काही दाखवावे. मी शिकत होते तेव्हा लघवीची पट्टी सर्रास मिळत नसे. आम्ही परीक्षानळीत लघवी घेऊन तिचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवत असू. प्रथिन जात असेल तर पाण्यासारखी स्वच्छ लघवी बघता बघता वरून पांढरी होई, आणि ॲसिटिक ॲसिडचे दोन थेंब टाकूनही तो पांढरेपणा जात नसे. एका सासूबाईंना मी ती नळी दाखवली होती. ‘हे अंड्यातल्या पांढऱ्यासारखे आहे, ते तुमच्या सुनेच्या अंगातून निघून चालले आहे,’ एवढेच म्हटले. त्या उठल्या आणि सुनेची पिशवी भरू लागल्या. आज आपल्या हातात पट्टी आहे. ती बुडवून तिचा बदललेला रंग डबीवरच्या रंगाशेजारी धरून घरच्यांना दाखवा.

पुढील लक्षणे त्यांना पाठ करून द्या : गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, पोटात वरच्या बाजूला उजव्या बरगडीखाली दुखणे (याला घरोघर पित्त म्हणतात आणि सोडा पाजतात), दम लागणे, लघवी कमी होणे, बाळाची हालचाल मंदावणे, अंगावरून रक्त जाणे. यांपैकी एक जरी दिसले तरी सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा. झटके आलेच तर तिला डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू दूर करा आणि कोणालाही कांदा किंवा चप्पल हुंगवू देऊ नका. दातांत चमचाही घालू नये. त्याने दात पडतात, जीभ वाचत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवताना मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देण्याबद्दल वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. हे औषध स्वस्त आहे आणि झटके टाळण्यात त्याच्या तोडीचे दुसरे नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक बायकांच्या अभ्यासात त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक कमी केला. दोन्ही नितंबांत खोल टोचलेली ती इंजेक्शने दुखतात, तेव्हा बाई ओरडेल, घाबरू नये. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडतो का, श्वास मिनिटाला सोळाहून कमी नाहीत ना आणि लघवी पुरेशी होते ना, हे तपासूनच सिस्टर डोस देतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असतेच. तिथे अशा बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. ही बाई मात्र ९ तारखेपर्यंत थांबण्यासारखी नाही. लघवीत प्रथिन आणि खालचा आकडा शंभरावर, म्हणजे तिने त्याच दिवशी जायला हवे होते.

(पत्र छापायला देताना आशाताईंचा निरोप आला. त्या बाईला रुग्णालयात दाखल केले, नवव्या दिवशी बाळंतपण झाले, मुलगी आहे, दोन किलोची.)

प्रश्न : रक्तदाब वाढल्यामुळे मुलीचे ३६ व्या आठवड्यात सिझेरियन करावे लागले. ‘वार पडली की बीपी उतरतो’ असे ऐकले होते. चौथ्या दिवशी घरी सोडले तेव्हा १३८/८८ होता, आणि पाचवीच्या दिवशी डोके दुखते म्हणून मोजला तर १५८/१०० निघाला. असे का झाले? अंगावर पाजते म्हणून ती गोळ्या घ्यायला तयार नाही. किती दिवस घ्याव्या लागतील? (कोल्हापूर)

उत्तर : आजार वारेपासून सुरू होतो हे खरे, पण वार बाहेर पडल्यावर रक्तवाहिन्या त्याच रात्री पूर्ववत होत नाहीत. उलट गरोदरपणात शरीरात साठलेले पाणी पुन्हा रक्तात येऊ लागते आणि बाळंतपणानंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवशी रक्तदाब पुन्हा चढतो. नेमके याच वेळी बाई घरी आलेली असते, घरात पाचवीची गडबड असते, पाहुण्यांचे सगळे लक्ष बाळाकडे असते, आणि तिचे डोके दुखले तर ‘वारा लागला’ म्हणून कानांना फडके घट्ट बांधतात. सिझेरियन झालेले असेल तर कमरेत दिलेल्या भुलेला दोष देतात. कमरेतल्या भुलेने डोके दुखते हे खरे आहे. ते उठून बसले की वाढते आणि आडवे झाले की कमी होते. पण बाळंतिणीचे डोके कोणत्या का कारणाने दुखेना, आधी रक्तदाब मोजायचा आणि मग कारण शोधायचे. आधी रक्तदाब कधीच न वाढलेल्या बाईलाही बाळंतपणानंतर पहिल्यांदा झटके येऊ शकतात. आपण त्या दिवशी मोजलात, हे फार चांगले केलेत. १६०/११० च्या वर आकडा गेला तर रात्र असो की सुतक असो, रुग्णालय गाठावे.

लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि एनालाप्रिल ही औषधे अंगावर पाजणाऱ्या आईला देता येतात. दुधात त्यांचा अंश फार थोडा उतरतो. (गरोदरपणात वर्ज्य असलेले एनालाप्रिल बाळंतपणानंतर चालते, हे वाचून कोणाचा गोंधळ होऊ नये, बाळ फार कमी दिवसांचे असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून द्यावे.) गोळ्या एकदम तोडायच्या नसतात. पहिला आठवडा रोज, मग दोन-तीन दिवसांनी मोजत राहावे आणि आकडा १४०/९० च्या खाली स्थिरावला की डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतील. तीन महिन्यांनंतरही रक्तदाब चढाच राहिला तर तो गरोदरपणापुरता नव्हता असे समजून फिजिशियनकडे जावे. आकडा उतरला तरी मुलीने वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावे, कारण प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या बाईला पुढील आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघात होण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. शुद्ध तुपातले डिंकाचे लाडू सव्वा महिना खाऊ द्या, माझी हरकत नाही. पण ते संपल्यावर चालायला जायची सवय तिला याच वर्षी लावा.

पत्राच्या शेवटी आपण पाळणा लांबवण्याविषयी संकोचून एक ओळ लिहिली आहे. रक्तदाब वाढलेला असताना माला-डी किंवा माला-एनसारख्या गोळ्या चालत नाहीत, कारण त्यांत इस्ट्रोजेन असते. शिवाय अंगावर पाजण्याच्या सुरुवातीच्या महिन्यांत त्या तशाही देत नाहीत. तांबी बसवता येते. छाया ही गोळी संप्रेरकरहित असल्याने तीही चालते; सरकारी केंद्रांत ती मोफत मिळते आणि पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते.